ॲडमिरल सर फ्रेडरिक मेटलंड ह्यांचे अल्प चरित्र

इंग्रज सेनापती ऑर्थर वेलस्ली ह्यांनी सन १८०३ च्या ऑगस्ट महिन्यात अहमदनगरचा किल्ला शिंद्यांच्या शिबंदीपासून घेतला, ही गोष्ट आपल्या जिल्ह्यातील (ज्यास हल्ली अहिल्यानगर म्हणतात) शाळकरी मुलांसही ठाऊक असते. ८ तारखेस पेठेच्या तटास शिड्या लागल्या, १२ तारखेस किल्ला हवाली झाला, आणि जवळच्या एका चिंचेखाली साहेब जेवावयास बसले, असे जुने लोक सांगत आले. पुढे ह्याच वेलस्लींचे नाव मुंबईच्या गोदीत बांधलेल्या एका थोर लढाऊ जहाजास देण्यात आले. ज्या गृहस्थाचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो, त्यांनी त्याच जहाजावर, मुंबईच्या किनाऱ्याजवळ, आपला देह ठेविला.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी समुद्र पाहिलेला नाही. सीना आणि प्रवरा ह्यांच्या काठी राहणाऱ्या कुणबी व मजूर बंधूंस इंग्रजी आरमाराच्या अधिकाऱ्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील तर ते वाजवी आहे. आमचे उत्तर इतकेच की, ह्या मनुष्यापुढे त्याच्या आयुष्यात एकदा जो प्रश्न आला, तो गावच्या पंचापुढे, शाळामास्तरापुढे व मंडळीच्या पाळकापुढे दर वर्षी येतो. संकटात सापडलेला मनुष्य आपल्या दाराशी येतो आणि विचारतो की, मी तुमच्या हाती आलो तर माझे पुढे काय होईल? त्याचे काय करावयाचे हे ठरविण्याचा अधिकार मात्र आपल्या हाती नसतो. अशा वेळी त्यास काय सांगावे व किती सांगावे?

फ्रेडरिक लुइस मेटलंड ह्यांचा जन्म ता. ७ सप्टेंबर १७७७ रोजी स्कॉटलंडातील फाइफ परगण्यात रँकीलर येथे झाला. घराणे लॉडरडेलच्या सरदारांचे. वडीलही आरमारातच मोठ्या हुद्द्यास चढलेले होते. परंतु मुलगा नऊ वर्षांचा असता, सन १७८६ मध्ये, वडील वारले. घराण्याचे नाव मोठे असले तरी धाकट्या शाखेतील तिसऱ्या मुलाच्या वाट्यास वतन येत नसे, म्हणून तो लहानपणीच जहाजावर गेला. फ्रेंचांशी युद्ध जुंपले तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. ता. १ जून १७९४ च्या मोठ्या दर्यायुद्धात तो एका फ्रिगेटवर हजर होता, आणि पुढच्याच वर्षी लेफ्टनंट झाला.

ह्या तरुणपणाच्या काळातील दोन गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. किंगफिशर नावाच्या लहान लढाऊ जहाजावर ते पहिले लेफ्टनंट असता शत्रूचे एक लुटारू गलबत त्यांनी झुंजून पकडले. तेव्हा त्या जहाजावरील साध्या खलाशांनी आपसात पन्नास पौंड वर्गणी जमवून आपल्या ह्या अधिकाऱ्यास तलवार नजर केली. खलाशाचा पगार त्या काळी किती तुटपुंजा असे, हे ज्यांस ठाऊक आहे त्यांस ह्या तलवारीची किंमत कळेल. पुढे सन १७९८ च्या डिसेंबरात हेच जहाज, मेटलंड तात्पुरते त्याचे मुख्य असता, लिस्बन शहराच्या खाडीच्या तोंडाशी आपटून फुटले. जहाज गमावणाऱ्या अधिकाऱ्यास लष्करी न्यायसभेपुढे उभे राहावे लागते. तसे ते उभे राहिले व सन्मानपूर्वक सुटले.

दुसरी गोष्ट सन १७९९ च्या उन्हाळ्यातील. मुख्य सेनापती लॉर्ड सेंट व्हिन्सेंट ह्यांनी त्यांस एका लहान गलबतावर शत्रूच्या आरमाराची टेहळणी करण्यास पाठविले. त्या गलबतावरील लोकांचा धीर सुटला, त्यांनी हुकूम ऐकला नाही, आणि मेटलंड स्पॅनिश आरमाराच्या हाती कैदी म्हणून सापडले. त्यांस काडिझ बंदरात नेले. स्पॅनिश सेनापती माझारेडो ह्यांना कळले की, हा तरुण सेंट व्हिन्सेंट ह्यांच्या खास तैनातीतील आहे. सेंट व्हिन्सेंट ह्यांनी पूर्वी केव्हा तरी केलेला उपकार माझारेडोंच्या स्मरणात होता. त्यांनी मेटलंड ह्यांस मोबदल्यात कोणी कैदी न मागता तसेच सोडून दिले. शत्रूच्या हाती सापडणे व शत्रूच्या दयेने सुटणे ह्या दोन्ही गोष्टी त्यांनी एकविसाव्या वर्षी अनुभविल्या, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

सन १८०१ मध्ये इंग्रजांनी इजिप्तातून फ्रेंचांस घालविण्याची मोहीम काढली. (त्याच मोहिमेस मुंबई इलाख्यातील हिंदी शिपाई तांबड्या समुद्राच्या वाटेने गेले होते.) ता. ८ मार्च रोजी अबुकीरच्या वाळवंटी किनाऱ्यावर गोळ्यांच्या वर्षावात फौज उतरली, तेव्हा तिच्या रक्षणासाठी तोफा चालविणाऱ्या होड्यांची कामगिरी मेटलंड ह्यांजकडे होती. तेथील पराक्रमाबद्दल ते त्याच महिन्यात कप्तान झाले. पुढील वर्षी त्यांस लोअर नावाची फ्रिगेट मिळाली.

ह्या फ्रिगेटवर असता, सन १८०५ च्या जून महिन्याच्या ४ तारखेस, स्पेनच्या किनाऱ्यावरील मुरोस गावी त्यांनी केलेले काम इंग्लंडात फार गाजले. खाडीतील किल्ल्यातून तोफांचा मारा सुरू झाला. लेफ्टनंट यो ह्यांच्या हाताखाली थोडे लोक किनाऱ्यावर उतरून किल्ल्यात शिरले व त्यांनी तो हातघाईने घेतला. लंडनच्या लोकांनी मेटलंड ह्यांचे आभार मानले, तलवारी नजर केल्या. आम्हास मात्र ह्या लढाईपेक्षा लढाईनंतरची हकीकत अधिक मोलाची वाटते. गाव सर्वस्वी त्यांच्या हाती होता. लढाऊ गलबते व त्यांचे सामान त्यांनी घेतले. पण गावास हात लावला नाही. खाडीत गोरगरिबांची बारकी तारवे माल भरून उभी होती. युद्धाच्या रिवाजाप्रमाणे ती घेतली असती तर कोणी दोष दिला नसता, आणि लुटीतला वाटा कप्तानास व खलाशांस मिळाला असता. गरिबांच्या पोटावर पाय देणे बरे नव्हे म्हणून त्यांनी ती सोडून दिली. माझारेडोंच्या देशबांधवांस त्या दयेची फेड अशा रीतीने मिळाली, असे आम्ही समजतो. मेटलंड ह्यांच्या मनात तेव्हा तो विचार होता की नाही, हे ईश्वर जाणे.

सन १८०९ च्या एप्रिलात फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर, रोशफोर बंदराबाहेरच्या पाण्यात, इंग्रजांनी फ्रेंच आरमारावर जळती जहाजे सोडली. त्या लढाईत मेटलंड एमरल्ड नावाच्या फ्रिगेटवर होते. तेथील मुख्य सेनापती लॉर्ड गँबियर हे मोठे भक्तिमान गृहस्थ. जहाजावर नेमाने प्रार्थना चालविणारे, आणि सन १८१२ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीचे पहिले अध्यक्ष झालेले. ह्याच सोसायटीचे लोक पुढे सन १८३२ मध्ये आमच्या शेजारी नाशकास आले. त्या दिवशी गँबियर ह्यांनी पुरेशी धडाडी दाखविली नाही असा आरोप त्यांच्याच एका कप्तानाने केला व मोठा वाद माजला. न्यायसभेने त्यांस निर्दोष ठरविले. मेटलंड त्या वादात शिरले नाहीत. ते पाणी, तेथील बेटे व खाड्या त्यांच्या चांगल्या ओळखीच्या झाल्या, एवढाच लाभ त्यांना झाला; आणि सहा वर्षांनी तो उपयोगी पडला.

सन १८१५ च्या आरंभी ते अमेरिकेस जाण्याच्या हुकुमाची वाट पाहत आयर्लंडातील कॉर्क बंदरात होते. वारा प्रतिकूल म्हणून जहाजे निघेनात. इतक्यात नेपोलियन एल्बा बेटातून निसटून पुन्हा फ्रान्सच्या गादीवर बसल्याची बातमी आली, अमेरिकेचा बेत रहित झाला, आणि मेटलंड ह्यांस बेलेरोफोन नावाचे ७४ तोफांचे जुने जहाज देऊन रोशफोरच्या नाकेबंदीवर धाडण्यात आले. थोडा वारा अनुकूल असता तर ह्या चरित्रास आज कोणी हात लावला नसता.

ता. १८ जून रोजी वॉटर्लूच्या रणात नेपोलियनचा पाडाव झाला. तेथे त्याचा पाडाव करणारे सेनापती आमच्या नगरचा किल्ला घेणारे तेच वेलस्ली; त्यांस तोपर्यंत ड्यूक ऑफ वेलिंग्टन ही पदवी मिळाली होती. नेपोलियनने ता. २२ रोजी राज्य सोडले व अमेरिकेस पळून जाण्याच्या विचाराने तो ३ जुलैस रोशफोरला आला. बाहेर पाहतो तो समुद्रात बेलेरोफोन उभे. मागे त्याच्या शत्रूंचे नवे राज्य, पुढे इंग्रजी तोफा.

ता. १० जुलैस त्याचे दोन सरदार, सावारी व लास काझ, पांढरे निशाण लावून मेटलंड ह्यांजकडे आले. बादशहास अमेरिकेस जाऊ द्याल काय, असे त्यांनी विचारले. मेटलंड ह्यांनी सांगितले की, युद्ध चालू आहे, मी जाऊ देऊ शकत नाही, माझ्या सेनापतीस कळवितो. बोलण्याच्या ओघात त्यांनीच असेही विचारले की, तुमचे बादशहा इंग्लंडातच आश्रय का मागत नाहीत? इंग्लंडचा विषय प्रथम त्यांच्या तोंडून निघाला, हे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेविले आहे. ही गोष्ट त्यांच्या बाजूची नाही. ती लपविता आली असती.

ता. १४ रोजी लास काझ पुन्हा आला. ह्या वेळी मेटलंड ह्यांनी दोन दुसऱ्या इंग्रज कप्तानांस साक्षीस बसविले. बोलणे स्पष्ट झाले. बादशहा माझ्या जहाजावर येतील तर मी त्यांस व त्यांच्या मंडळींस इंग्लंडास पोहोचवीन. परंतु तेथे त्यांचे स्वागत कसे होईल ह्याविषयी कोणतीही अट कबूल करण्याचा अधिकार मला नाही, ते आमच्या राजप्रतिनिधींच्या मर्जीवर राहील, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्यापलीकडे त्यांनी शब्द दिला नाही.

येथे आम्ही क्षणभर थांबतो. मेटलंड ह्यांच्या खिशात त्या वेळी एक गुप्त हुकूम होता. नेपोलियन हाती लागल्यास त्यास सांभाळून इंग्लंडच्या बंदरात आणावे, कोणाशी बोलू देऊ नये, अशा अर्थाचा. तो त्यांनी दाखविला नाही. सैनिकास तो दाखविता येत नव्हता. त्यांनी खोटे सांगितले नाही, हे आमचे मत आहे. पण जे ठाऊक होते ते सर्व सांगितले काय? नाही. आणि इंग्लंडात आश्रय का मागत नाही, असे ज्याने एकदा सुचविले, त्याच्या पुढच्या सावध शब्दांचा अर्थ बुडत्या मनुष्याने आपल्या आशेप्रमाणे लावला, तर त्यात नवल कसले? आमच्या खेड्यांतही असे घडते. कर्जात बुडालेला बंधू विचारतो की, साहेबांस अर्ज केला तर वावर वाचेल काय? आणि आम्ही म्हणतो, करून पाहा. आम्ही फक्त करून पाहा म्हणालो. त्याने मात्र वाचेल असे ऐकलेले असते.

ता. १५ जुलैच्या पहाटे नेपोलियन एका फ्रेंच गलबतात बसून निघाला. वारा उलट असल्यामुळे ते पुढे येईना, तेव्हा मेटलंड ह्यांनी आपली होडी पाठविली. सकाळी सहा-सातच्या सुमारास, ज्याच्या नावाने वीस वर्षे युरोपातील राजे दचकत होते तो मनुष्य बेलेरोफोनवर चढला, टोपी काढली, आणि आपण इंग्लंडच्या राजपुत्राच्या व कायद्याच्या आश्रयास आलो आहो असे म्हणाला. त्यास सलामी द्यावी की न द्यावी, हा मोठा पेच होता. दिली तर सरकार रागावेल, न दिली तर पाहुण्याचा अपमान. इंग्रजी आरमारात सकाळी आठाच्या आत सलामी देत नाहीत, ह्या रिवाजाचा आधार घेऊन मेटलंड ह्यांनी तो पेच सोडविला. आम्हास ह्या युक्तीचे हसू येते, आणि कौतुकही वाटते.

त्यांनी आपली मोठी खोली नेपोलियनास दिली. तेथे मेटलंडबाईंची तसबीर टांगलेली होती. ती पाहून त्याने त्यांची विचारपूस केली. तेवीस दिवस तो त्या जहाजावर राहिला. तो खलाशांशी बोले, तोफा पाही, जहाजाच्या शिस्तीची वाखाणणी करी. मेटलंड ह्यांनी आपल्या चाकरास विचारले की, आपले लोक ह्याच्याविषयी काय म्हणतात? तेव्हा उत्तर आले की, इंग्लंडच्या लोकांनी त्यास आमच्यासारखे जवळून पाहिले तर त्याच्या केसासही धक्का लावणार नाहीत. ह्याच खलाशांचे भाऊबंद त्याच्या युद्धांत मेले होते, हे लक्षात घेतले पाहिजे.

ता. २४ जुलैस जहाज इंग्लंडच्या टॉरबे बंदरात, व २६ तारखेस प्लिमथला आले. नेपोलियनास पाहण्यासाठी हजारो लोक होड्यांत बसून जहाजाभोवती जमत. एके दिवशी त्या होड्यांपैकी एकीत मेटलंडबाईही होत्या. नेपोलियनाने वाकून त्यांस नमस्कार केला व वर येण्यास विनविले. कोणासही जहाजावर येऊ देऊ नये असा हुकूम होता. कप्तानाने आपल्या पत्नीसाठीही तो मोडला नाही.

ता. ३१ रोजी सरकारचा निकाल आला: नेपोलियनास इंग्लंडच्या भूमीवर पाय ठेवू द्यावयाचा नाही, त्यास दूर दक्षिणेच्या महासागरातील सेंट हेलेना बेटावर न्यावयाचे. तो फार संतापला. आपण कैदी नसून पाहुणे म्हणून आलो आहो, आपला विश्वासघात झाला, असे त्याने लिहून दिले. ता. ७ ऑगस्टला त्यास नॉर्थंबरलंड नावाच्या दुसऱ्या जहाजावर नेण्यात आले. निघताना त्याने मेटलंड ह्यांस जवळ बोलावून सांगितले की, माझी तक्रार तुमच्या सरकाराविषयी आहे, तुमच्याविषयी नाही. तुम्ही सभ्यपणाने वागलात. आपली तसबीर जडविलेली हिऱ्यांची डबी भेट देण्याची त्याची इच्छा होती. अशा प्रसंगी मला काही घेता येणार नाही, असे सांगून मेटलंड ह्यांनी ती नाकारली. (पाच वर्षांनी त्यांनी नेपल्सच्या राजास आपल्या जहाजातून लेगहॉर्नला पोहोचविले, तेव्हा त्या राजाने दिलेली तशीच हिऱ्यांची तपकिरीची डबी त्यांनी घेतली. डबी घेण्यात पाप नव्हते. ती कोणाकडून व केव्हा घ्यावी हे त्यांस कळत होते.)

प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायातील यूल्य शताधिपती वाचकांस आठवत असेल. पौल त्याच्या ताब्यात होता. त्याने सीदोनास पौलाला मित्रांकडे जाऊ दिले, आणि तारू फुटले तेव्हा शिपायांच्या हातून त्याचा जीव वाचविला. परंतु रोमात कैसरापुढे पौलाचे काय होईल हे यूल्याच्या हाती नव्हते, आणि त्याविषयी त्याने काही वचन दिल्याचे लूकाने लिहिलेले नाही. आमच्या नगरच्या किल्ल्यानेही कैदी पुष्कळ पाहिले आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या युद्धात पकडलेले बोअर लोक सन १९०१ च्या सुमारास येथे होते, व त्यांचेच दुसरे बांधव त्याच सेंट हेलेना बेटावर. पहिल्या महायुद्धात जर्मन आले. आणि सन १९४२ ते १९४५ पर्यंत राष्ट्रीय सभेचे पुढारी. त्या भिंतींच्या आतल्या पहारेकऱ्यांपैकी कोण यूल्यासारखे होते ह्याची नोंद कोणी ठेवली असेल, असे आम्हास वाटत नाही.

लास काझ ह्याने पुढे आपल्या ग्रंथात मेटलंड ह्यांजवर ठपका ठेविला की, त्यांनी आम्हास भरवसा दिला होता. मेटलंड काही वर्षे गप्प राहिले. सन १८२६ मध्ये त्यांनी नेपोलियनच्या शरण येण्याची सर्व हकीकत, दिवसामागून दिवस, पुस्तकरूपाने छापिली. तोवर नेपोलियन मरून पाच वर्षे झाली होती. पुस्तकात त्याची निंदा नाही. स्वतःचा बडेजावही नाही.

ज्या बेलेरोफोनवर बादशहा कैदी झाला, ते जहाज त्यानंतर कायमचे कैदखाना बनले. गुन्हेगार त्यात ठेवीत. सन १८३६ मध्ये ते मोडीत निघाले.

मेटलंड ह्यांची पुढची पंधरा वर्षे भूमध्य समुद्रात व इतरत्र साध्या नोकरीत गेली. सन १८३० मध्ये ते रिअर-ॲडमिरल झाले व त्यांस सर ही पदवी मिळाली. सन १८३२ पासून पाच वर्षे पोर्ट्समथची सरकारी गोदी त्यांजकडे होती. सन १८३७ च्या जुलैत त्यांची नेमणूक हिंदुस्थान व चीन येथील इंग्रजी आरमाराच्या मुख्य सेनापतीच्या जागी झाली, आणि त्यांचे निशाण वेलस्ली जहाजावर चढले. जहाज त्यांच्या ओळखीचे होते. सन १८२७ पासून १८३० पर्यंत त्यांनी त्याच्याच कप्तानाचे काम केले होते.

ह्या जहाजाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. ते मुंबईच्या गोदीत पारशी कारागिरांनी, वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली, हिंदी सागवानाचे बांधले आणि ता. २४ फेब्रुवारी १८१५ रोजी पाण्यात सोडले. इंग्लंडात जहाजे ओकाच्या लाकडाची होत. सागवान त्याहून टिकाऊ असते, आणि म्हणून मुंबईच्या जहाजांची इंग्रजी आरमारात मोठी कीर्ती होती. ते बांधले जात असता आमच्या अमेरिकन मराठी मिशनचे आद्य मिशनरी गॉर्डन हॉल मुंबईच्या रस्त्यांतून मराठीत सुवार्ता सांगत फिरत होते. इंग्लंड व अमेरिका ह्यांचे तेव्हा युद्ध चालू असल्यामुळे त्यांजकडे सरकार संशयाने पाहत असे.

सन १८३८ च्या उन्हाळ्यात मेटलंड वेलस्ली घेऊन चीनच्या कँटन बंदराबाहेर गेले. चिनी पहारेकऱ्यांनी बॉम्बे नावाची एक इंग्रजी होडी अडवून, तीत मेटलंड किंवा त्यांचे कोणी शिपाई व बायका आहेत काय, अशी झडती-विचारपूस केली. हा सेनापतीचा अपमान समजला गेला. मेटलंड ह्यांनी आपली जहाजे चिनी किल्ल्यांजवळ नेऊन खुलासा मागितला. चिनी आरमाराचे सेनापती क्वान तिएनपेई ह्यांनी आपले अधिकारी पाठवून दिलगिरी लिहून दिली. मग उभयतांत शिष्टाचाराच्या भेटी व देणगी-घेणगी झाली, आणि एकही गोळा न सुटता मेटलंड परत फिरले. परंतु ते गेले होते ते कोणाच्या व्यापाराच्या रक्षणार्थ? त्या व्यापारात सर्वांत मोठा माल अफू हा होता, आणि त्यातील पुष्कळ अफू माळव्यातून आमच्या मुंबई बंदराच्या वाटेने जात असे. मेटलंड स्वतः अफू विकणारे नव्हते. तरी त्यांच्या तोफांच्या सावलीत ती विकली जात होती, हे आम्ही झाकून ठेवणार नाही.

पुढच्या वर्षी, सन १८३९ च्या फेब्रुवारीच्या आरंभी, ते कराचीस गेले. अफगाणिस्तानच्या स्वारीसाठी इंग्रजांस ते बंदर हवे होते. ते सिंधच्या मीरांचे होते, आणि मीरांशी युद्ध पुकारलेले नव्हते. मनोऱ्याच्या किल्ल्याने स्वाधीन होण्याचे नाकारले व तेथून एक तोफ उडाली. वेलस्लीच्या तोफांनी थोडक्याच वेळात समुद्राकडील भिंत भुईसपाट केली. आत शिरून पाहतात तो शिबंदी मूठभर. जहाज दिसले म्हणजे तोफ उडवून शहरास वर्दी देण्याचा तेथील रिवाज होता व ती तोफ त्यासाठीच उडाली होती, असे पुढे सांगितले गेले. कराची मीरांस परत मिळाली नाही. चार वर्षांनी सारा सिंधच गेला.

मुरोसच्या गरिबांची तारवे सोडणारा हात हाच. आम्ही ह्या दोन गोष्टींचा मेळ बसविण्याचा यत्न करीत नाही. मुरोसला निर्णय त्यांचा होता, तेथे त्यांनी दया केली. कराचीस निर्णय कलकत्त्याहून व सिमल्याहून आला होता. तेथे त्यांनी हुकूम पाळला, आणि तो न्याय्य आहे की नाही हे विचारल्याचे कोठे दिसत नाही. नेपोलियनापुढे माझा अधिकार येथपर्यंतच आहे असे म्हणणे हा त्यांचा प्रामाणिकपणा होता. तेच वाक्य मनोऱ्याच्या पडक्या भिंतीपुढे उच्चारले, तर आमच्या कानास ते तितकेसे गोड लागत नाही.

मार्चमध्ये ते इराणच्या आखातात बुशीर बंदरास गेले. तेथे इराणी सरकाराशी बिघाड झाला होता. इंग्रज रेसिडेंट व त्यांच्या लोकांस त्यांनी तेथून काढून खारग बेटावर पोहोचविले. ह्यानंतर त्यांची प्रकृती फार दिवस टिकली नाही. ता. ३० नोव्हेंबर १८३९ रोजी, मुंबईच्या किनाऱ्याजवळ समुद्रात, वेलस्ली जहाजावर त्यांचे निधन झाले. त्यांचे वय ६२ वर्षांचे होते. मागे पत्नी होती; मूलबाळ नव्हते.

ते गेल्यावर सात महिन्यांनी तेच जहाज अफूच्या युद्धात चीनवर गेले व ता. ५ जुलै १८४० रोजी चुसान बेटावर त्याने तोफा डागल्या. सन १८४१ च्या २६ फेब्रुवारीस कँटनच्या नदीमुखावरील किल्ल्यांवर इंग्रजी आरमाराने हल्ला केला, त्यातही वेलस्ली होते. ज्या क्वान तिएनपेईंनी मेटलंड ह्यांचा पाहुणचार केला होता, ते त्या दिवशी आपल्या जागेवर लढता लढता पडले. जहाजाचे आयुष्य मात्र फार लांबले. सन १८६८ पासून ते कॉर्नवॉल ह्या नावाने टेम्स नदीत वाट चुकलेल्या मुलांची शाळा होऊन राहिले, आणि सव्वाशे वर्षांचे झाल्यावर, सन १९४० च्या सप्टेंबरात, जर्मन विमानांच्या बाँबांनी बुडाले. युद्धानंतर ते वर काढून मोडले, तेव्हा त्याचे काही सागवान लंडनच्या न्यायमंदिराच्या दुरुस्तीस लागले.

मेटलंड ह्यांस मुंबईतच मूठमाती देण्यात आली, आणि त्यांच्या स्नेह्यांनी वर्गणी करून सेंट थॉमस कॅथीड्रलात त्यांचे स्मारक उभारले. हे उपासनामंदिर सन १७१८ मध्ये उघडले. मुंबईच्या कोटास त्याच्या बाजूची जी वेस होती तिचे नाव चर्चगेट पडले, आणि तेच आज आगगाडीच्या स्थानकास आहे. आमच्या मंडळ्यांतील जे बंधू कामधंद्यासाठी मुंबईस जातात, त्यांस स्थानकापासून पूर्वेकडे चालत गेल्यास हॉर्निमन सर्कलच्या जवळ ते मंदिर लागेल. आत भिंतीवर संगमरवराच्या पुष्कळ शिळा आहेत, त्यांतच ही एक आहे.